उजेड लावण्यापुरत्या वहिनी

शेजारच्या वहिनी गेल्या त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत बातमी पिकली, की फोटोग्राफरच्या घरात खुद्द त्याच्या बायकोचा एक फोटो सापडेना. बायको सावळी, नवऱ्याला लाज वाटायची, म्हणून जन्मात तिच्यावर कॅमेरा धरला नाही, अशी त्या बातमीला शेपटी. शिंप्याच्या दुकानात ती जन्मली आणि माझ्या दारात पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले होते: नवऱ्याने म्हणे होते नव्हते ते सगळे फोटो जाळून टाकले. बातमी फक्कड होती. माझ्या तोंडून निघाली असती तर मला तिचं कौतुक वाटलं असतं. पण साफ खोटी होती.

वहिनींचे फोटो होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, कपाटाच्या माथ्यावर, पलंगाखाली, निगेटिव्हच्या गुंडाळ्या करून ठेवलेले. आमच्या गल्लीत कुठल्याही नवरीचे निघाले नसतील इतके फोटो त्या बाईचे निघाले. ते सगळे कसे वाया गेले ते मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत, आणि तीसुद्धा नावाला.

त्यांच्या नवऱ्याला गल्ली ‘हलूनका’ म्हणायची. गिऱ्हाइकाला दिवसभर ‘हलू नका’ सांगून सांगून त्यांना ते नाव चिकटलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, मी सोडून. रस्त्याकडची खोली म्हणजे स्टुडिओ, मधे काळा पडदा, पडद्यामागे घर. घरात भाजी जळली तर पुढे पासपोर्टचा फोटो काढायला बसलेला माणूस नाक मुरडायचा आणि फोटो बिघडायचा. मग हलूनका आत तोंड करून ओरडायचे, “अगं, गॅस!” आणि आतून वहिनी, “तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघते!”

लग्न होऊन आल्या तेव्हा स्टुडिओत उजेड मोजायचं एक मीटर होतं. चेहऱ्याजवळ धरायचं, त्यातला काटा हलायचा, त्यावरून कॅमेऱ्याचं भिंग किती उघडायचं ते ठरायचं. ते मीटर एकदा हातातून पडलं आणि त्याचा काटा मेला. दुसरं आणू, आणू म्हणताना हलूनकांना शोध लागला, की बायकोचा चेहरा आपल्याला पाठ आहे. तिला स्टुलावर बसवायचं, दिवे लावायचे, आणि तिच्या गालावर उजेड कसा पडतो ते बघून भिंग बेतायचं. मीटर पुन्हा काही आलं नाही.

त्यांची पद्धत अशी. स्टुलावरच्या माणसाच्या उजवीकडे छत्रीवाला मोठा दिवा. डावीकडे पांढरा पुठ्ठा, म्हणजे दिव्याचा उजेड त्याच्यावर आपटून दुसऱ्या गालावर थोडासा परततो आणि तो गाल अगदीच काळोखात जात नाही. मागे एक छोटा दिवा केसांसाठी. गिऱ्हाईक बाकावर बसून भांग पाडत असायचं आणि वहिनी स्टुलावर बसलेल्या असायच्या, ओल्या हातांनी, कधी हातात लसूण. हलूनका दिवा मागे-पुढे करायचे, पुठ्ठा कलता करायचे. मनासारखं झालं की भिंगाभोवतीचं कडं फिरवून भिंग दोन घरं मिटायचे: टक, टक. कारण वहिनींवर बेतलेला उजेड उजळ माणसाला जास्त होतो. तेवढं न मिटता फोटो काढला तर चेहऱ्याचं कोरं पान होऊन त्यावर नुसते दोन डोळे उरायचे. टक, टक ऐकू आलं की वहिनी उठायच्या, पदर सावरल्यासारखा हात झटकायच्या आणि म्हणायच्या, “या. गरम करून ठेवलंय.” त्या स्टुलाबद्दल.

नवा रोल कॅमेऱ्यात घातला की त्याचं सुरुवातीचं टोक उजेडात आलेलं असतं, ते पुढे सरकवायला दोनतीनदा फुकट बटण दाबावं लागतं. त्या वेळी समोर वहिनीच असायच्या. त्यामुळे प्रत्येक रोलच्या तोंडाला त्यांचा एखादा फोटो. पण ती फ्रेम रोल घालतानाच उजेडाने खाल्लेली. अर्धा फोटो पांढराफटक आणि उरलेल्या अर्ध्यात वहिनी: जांभई देताना, कढईकडे मान वळवलेल्या, कुणावर तरी डोळे वटारलेल्या. डबेच्या डबे भरले ते याचे.

लग्नसमारंभाचे व्हिडिओ करायला लागले तेव्हाही तेच. हलूनका कॅमेरा खांद्यावर घेऊन पुढे, आणि वहिनी मागून मोठा दिवा उंच धरून. वायरीचा गुंडाळा काखेत. त्या दिव्याची धग अशी की त्यांच्या उजव्या हाताच्या केसांचा मागमूस राहिला नव्हता. वहिनी दारात आल्या की पाहुणे डोळे बारीक करून म्हणायचे, “आला बाई सूर्य.” कितीतरी घरांतल्या कॅसेटी मी पाहिल्यात. सगळ्यांत वहिनी आहेत, भिंतीवर सावलीच्या रूपाने. दिवा धरणाऱ्यावर उजेड कोण टाकणार?

एकदा मी त्यांना म्हटलं, “वहिनी, नवरा फोटोग्राफर आणि तुमचा एक धड फोटो नाही. लग्नाचे तरी असतील की.”

“आहेत ना. सगळ्यांत मान खाली घातलीय. भांग मात्र छान आलाय.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर ठीक होतं.

मग त्यांची डाव्या बाजूची दाढ दुखायला लागली. दातवाल्याने ती काढली. जागा भरेना. गालाला आतून गाठ लागायला लागली, तेव्हा त्याने मान हलवून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि आठवडाभराने डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की डाव्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागेल. मी बाहेर बाकावर होते. वहिनी बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या.

“बोलता येईल म्हणाले,” त्या म्हणाल्या. “पण लोकांना कळायला वेळ लागेल.”

मी त्यांच्या हातातले कागद माझ्या पिशवीत ठेवले.

“म्हणजे तुझ्यासारखंच,” त्या म्हणाल्या.

घरी येताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “अहो, माझा एक फोटो काढा. पूर्ण चेहऱ्याचा. त्यांनी कापायच्या आत.”

“काढू की,” हलूनका म्हणाले. “चांगला काढू. घाईघाईत उरकायचा नाही तुझा.”

आणि तिथेच सगळं बिनसलं. चांगला काढायचा म्हणून तो माणूस काढीचना. परीक्षांच्या अर्जांचे दिवस होते, दारात पोरांची रांग. एक दिवस दिव्याचा बल्ब पिवळा वाटला म्हणून नवा आणला. एक दिवस मागचा पडदा मळका म्हणून धुवायला काढला आणि तो दोन दिवस वाळला नाही. भिंतीपलीकडून मला रोज तेच ऐकू यायचं.

“आज?”

“आज नको. आज मन थाऱ्यावर नाही.”

“तुमचं मन लागतंय कशाला? चेहरा माझा लागणार ना?”

माझ्या मते त्यांना भीती वाटत होती. तो फोटो काढला की मग पुढचं खरं होणार होतं. पण हे मी माझ्या मनाने म्हणते, ते कधी बोलले नाहीत.

अखेर हॉस्पिटलात दाखल व्हायचा दिवस उजाडला. बॅग भरून दारात, टॅक्सी बोलावलेली. आणि हलूनका मला हाक मारायला आले: पुठ्ठा धरायला या. स्टुडिओत गेले तर वहिनी ठेवणीतले कपडे घालून स्टुलावर. सूज दिसत होती, पण चेहरा अजून पुरा होता. मी त्यांना इतकं नटलेलं पाहिलंच नव्हतं.

“कुणाच्या लग्नाला?” मी म्हटलं.

“तुझ्या. दुसऱ्या,” त्या म्हणाल्या.

हलूनकांनी रोल घातला. सुरुवातीच्या फुकटच्या फ्रेमा त्यांनी त्या दिवशी भिंतीकडे कॅमेरा करून घालवल्या, हे मी मुद्दाम पाहिलं. पुढची फ्रेम, चांगली, बायकोची. रोल काळा-पांढरा होता, घरीच धुवायचा. रंगीत काढला तर लॅबवाल्याच्या हाती द्यावा लागेल आणि तो वाट्टेल ते करील, असं त्यांचं म्हणणं. दिवा लावला, मागे सरकवला, पुन्हा पुढे आणला. मला पुठ्ठा वर, खाली, जरा बाहेर असं नाचवलं. मग थांबले. बायकोकडे बघत उभे राहिले, बराच वेळ. मी इतकी वर्षं त्यांना उजेड लावताना पाहिलंय, पण असं बघताना पाहिलं नव्हतं. त्यांची बोटं भिंगावर होती.

टक, टक.

आणि वहिनी स्टुलावरून उठल्या.

“अगं, बस,” हलूनका म्हणाले. “आज तूच आहेस.”

वहिनींनी जीभ चावली आणि मटकन खाली बसल्या. मला हसू आवरेना. “वहिनी, गिऱ्हाईक कुठंय? मी बसू का?” वहिनीही हसल्या, दुखऱ्या गालाला हात लावून. हलूनकासुद्धा हसले, किती दिवसांनी कोण जाणे. त्या हसण्यात त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. एक, आणखी एक, जरा हनुवटी वर, हलू नका, आणखी एक. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही तिघंही हसत होतो आणि ती दोन घरं मिटलेलीच राहिली.

रोल कॅमेऱ्यातच ठेवून आम्ही गेलो.

ऑपरेशन लांबलं. पुढचे दिवस हलूनका हॉस्पिटलच्या बाकावरच होते. वहिनींच्या नाकात नळी, गळ्याशी भोक, चेहऱ्याची डावी बाजू पट्ट्यांनी बांधलेली. बोलता येत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा केली ती खूण मला आठवते: दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून डोळ्यांसमोर धरली आणि नवऱ्याकडे भुवई उडवली. फोटोचं काय?

“धुतो आज,” हलूनका म्हणाले, आणि त्या दुपारी घरी आले.

मी डबा द्यायला गेले तेव्हा आतल्या काळोख्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते दारात उभे होते. हातात ओल्या निगेटिव्हची पट्टी, खिडकीच्या उजेडाकडे धरलेली. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

“दोन घरं,” ते म्हणाले.

मला कळलं नाही.

“तिच्यावर बेतलं, आणि तिच्याच वेळी दोन घरं मिटलं. गिऱ्हाइकाला मिटतो तसं.”

त्यांनी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली. उजवी बाजू फिकट का होईना, होती. कपाळ, एक डोळा, नाकाची कड. डावीकडे काहीच नव्हतं. स्वच्छ काच. निगेटिव्हवर काच म्हणजे कागदावर काळं, एवढं मलाही ठाऊक होतं. तिकडे पुठ्ठ्यावरून परतून जेमतेम जेवढा उजेड जात होता, तो दोन घरांच्या मिटण्यात संपला. उजेड जास्त झाला असता तर कागदावर उतरवताना काहीतरी करता आलं असतं, असं ते म्हणाले. कमी पडला तर काही करता येत नाही. फिल्मवर जे आलंच नाही ते आणायचं कुठून?

तरी त्यांनी करून पाहिलं. रात्ररात्र त्या खोलीत. कडक कागद, मऊ कागद, कमी वेळ, जास्त वेळ. काळ्याची राख व्हायची, राखेचा गाल काही होईना. सगळ्या फ्रेमा तशाच. डॉक्टरांनी जी बाजू काढून नेली, तीच नेमकी बाजू. हॉस्पिटलात वहिनी रोज बोटांची चौकट करायच्या आणि हे रोज म्हणायचे, “वाळतोय अजून.” एवढा वेळ गालिचे वाळायलाही लागत नाही.

वहिनी घरी यायच्या आधी त्यांच्या वन्सं येऊन पोचल्या, म्हणजे हलूनकांची थोरली बहीण. वन्सं गोऱ्या, आणि त्या गोऱ्यावरही पावडर. त्यांना भावाने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एका मिनिटात तोड काढली.

“उजवी बाजू चांगली आलीय ना? मग तीच उलटी छाप आणि डावीकडे जोड. गाल तो गाल. तिला कुठे कळतंय.”

कुणाला वाटेल हलूनकांनी बहिणीला उभीआडवी झापली असेल. वन्सं म्हणाल्या तसंच त्यांनी केलं. बुडता माणूस काय करील? अर्धा चेहरा सुलटा, तोच अर्धा उलटा, मधे जोड, जोडावर बारीक ब्रशने रंग, मग त्याचा पुन्हा फोटो. काम इतकं सफाईचं की वन्सं म्हणाल्या, “अगदी तीच.” मी पाहिलं. दोन्हीकडून सारखी, गुळगुळीत, कुणीतरी बाई होती. दारात टपाल देऊन निघून जाईल अशी, ओळख न ठेवणारी.

वहिनी घरी आल्यावर पट्टी सुटली होती. डावीकडचा खालचा चेहरा आत गेलेला, शिवणीची कातडी ओढलेली, तोंडाचा कोपरा खाली लोंबणारा. हातात सतत फडकं, लाळ टिपायला. आरशावर वन्संनी चादर टाकून ठेवली होती. वहिनींनी आल्या आल्या ती काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली.

हलूनकांनी फोटो दिला. वहिनींनी तो मांडीवर घेऊन पाहिला. मग आपल्या उजव्या गालावरच्या तिळावर एक बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताचं बोट फोटोतल्या डाव्या गालावर. तिथेही तीळ होता.

“दोन झाले,” त्या म्हणाल्या. शब्द लापशीसारखे यायचे, पण कान देऊन ऐकलं तर कळायचे.

हलूनका जमिनीवर बसले आणि सगळं बोलून गेले. टक टक, दोन घरं, काच. वन्सं मधे म्हणाल्या, “अगं, हसण्याखिदळण्यात झालं त्याच्या हातून. आणि असा किती मोठा फरक आहे?” वहिनींनी फोटो उताणा होता तो पालथा केला आणि पडद्याच्या आत गेल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. भांड्यांचा सुद्धा नाही. वहिनी स्टुलावर बसेनात. हलूनकांना उजेड लावायला कोणी मिळेना, तेव्हा ते उपड्या बादलीवर तपकिरी कापड टाकून दिवे बेतायचे. मला बसवून पाहिलं एकदा. “तुम्ही फार हलता,” म्हणाले. शेजारच्या मुलीचा साखरपुड्याचा फोटो असा आला की मुलगी परलोकातून आल्यासारखी दिसत होती. बाप भांडायला आला. हलूनका त्याचं ऐकून घेत होते आणि पडद्याकडे बघत होते.

गाठ परत आली, मानेला. या वेळी डॉक्टरांनी कापायचं नाव काढलं नाही. किती वेळ आहे ते वहिनींनी विचारलं नाही, आणि आम्हाला विचारू दिलं नाही.

त्याच सुमारास एक दिवस दुपारी, दुकान उघडं, गिऱ्हाईक नाही, मी बाकावर बसून वन्संचं माहेरपण कधी संपतंय याचा अंदाज घेत होते, तेवढ्यात पडदा सरकला आणि वहिनी बाहेर आल्या. अंगावर तेच ठेवणीतले कपडे, आता दोन माणसं मावतील असे. त्या सरळ जाऊन स्टुलावर बसल्या आणि फडकं मांडीवर ठेवलं.

“फोटो,” त्या म्हणाल्या.

हलूनका उठले ते खुर्ची पाडूनच.

“आत्ता? हा असा?” वन्सं म्हणाल्या. “अगं, पाहणाऱ्याला काय वाटेल? घरात लावणार आहेस का हा?”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हलूनकांनी रोल घातला. फुकटच्या फ्रेमा भिंतीवर घालवल्या. दिवा लावला, उजवीकडे. मग पुठ्ठा उचलला आणि दूर भिंतीशी नेऊन उलटा करून ठेवला. बायकोपाशी गेले, दोन बोटांनी तिची हनुवटी धरली, म्हणजे जी काय उरली होती ती, आणि चेहरा हळूच दिव्याकडे वळवला. पुन्हा मागे येऊन पाहिलं. इतक्या मायेने उजेड लावताना मी कुणालाच पाहिलं नाही. कापलेली बाजू पूर्ण काळोखात गेली होती. उजेडात एक डोळा, एक गाल, एक तीळ. जुन्या वहिनी.

“बघ,” ते म्हणाले. “ही बाजू अंधारात ठेवतोय. काही दिसायचं नाही. अगदी पहिल्यासारखी दिसशील.”

वन्संनी सुस्कारा सोडला. “हं. असं तरी.”

वहिनींनी फडक्याने तोंड टिपलं. मग चेहरा पुन्हा सरळ कॅमेऱ्याकडे केला आणि एकेक शब्द सुटा करत, आम्हा सगळ्यांना कळेल असं बोलल्या:

“ही बाजू एकदा चुकून अंधारात घालवलीत. आता मुद्दाम घालवू नका. दिवा इकडे आणा.”